शिजवून खा

“घेवडा देतेस तर दे, पण शिजवायचा कसा तेही सांग त्याला,” आत्या म्हणाली होती. “अर्धाकच्चा घेवडा माणसाला आडवा करतो.”

आणि ती हसली होती. “अगं आत्या, तो तिकडच्या अन्नखात्यातून आलाय. घेवड्यावर एवढाले अहवाल लिहिलेत त्याने. त्याला मी शिजवायला शिकवू?”

“अहवाल उकळून कोणी खात नाही,” आत्या म्हणाली, आणि भाचीच्या लेकीच्या, पिल्लूच्या, ओठांवरचं दूध पुसायला वळली.

एरवी तिने अशी सूचना उडवून लावलीच नसती. काळजी करण्यात तिचा हात कोणी धरला नसता. घराबाहेर पडली की कुलूप ओढून बघायला ती जिना पुन्हा चढायची. पिल्लू गाढ झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून उभी राहायची. ऑफिसात बेरीज जुळली की बाकीचे हुश्श करायचे, आणि ही म्हणायची, “पुन्हा एकदा बघू या का?” तिथे तिचं नावच पडलं होतं — पुन्हाबाई. आणि नेमकी त्या दिवशी पुन्हाबाई पुन्हा बघायला विसरली. कारण… कारण पिशवी देताना त्याच्या बोटांना आपली बोटं लागतील का, याखेरीज तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पण हे जरा आधीपासून सांगायला हवं.

तो तिला पहिल्यांदा दिसला तो कोपरापर्यंत पोत्यात. म्हणजे त्याचा हात. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती, आणि धान्याच्या दुकानात सुक्या घेवड्याच्या उघड्या पोत्यापाशी एक उंचसा माणूस, बाही वर करून, हात आत खुपसून, डोळे मिटून उभा होता. देवळात उभं राहावं तसा.

“हात काढा,” ती म्हणाली. “लोकांना खायचंय ते.”

त्याने डोळे उघडले, पण हात काही काढला नाही. “एकच मिनिट. आत फार गार लागतंय…”

“अहो—”

“आमच्याकडे हा असा उघडा मिळत नाही. डब्यात येतो. हात घालायची सोय नाही.”

“मग डब्यात घाला.”

“पत्रा कापतो,” तो गंभीरपणे म्हणाला आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे करून जुनी खूण दाखवली. “बघा.”

तिने बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण न बघितल्यासारखं. तेवढ्यात खालून सळसळ आवाज आला. पिल्लूनेही शेजारच्या पोत्यात हात घातला होता, थेट खांद्यापर्यंत, आणि तिचेही डोळे मिटलेले होते. दुकानदार मुद्दाम खाकरला.

“बघा, तुमच्यामुळे,” ती म्हणाली.

“माझ्यामुळे नाही हो. घेवड्यामुळे.”

ती तरातरा बाहेर पडली. वळणावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण हसतोय. तिने पटकन आजूबाजूला पाहिलं — कोणी बघितलं तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत तोच माणूस बसला होता. आज बाही मनगटापर्यंत खाली.

“हे आपले शेजारी,” साहेब म्हणाले.

नदीच्या पलीकडच्या देशातून तो आला होता. भाषा दोन्हीकडे एकच, फक्त त्यांचा हेल जरा लांबडा. वाक्याच्या शेवटी झोका घेतल्यासारखा. साहेबांनी म्हटलं म्हणून सगळेच त्याला ‘शेजारी’ म्हणू लागले. काम होतं दोन्ही देश शेजारी-शेजारी मांडून बघायचं: कुठल्या देशात माणशी किती घेवडा खायला मिळतो.

“तुमची आधीची ओळख दिसतेय,” साहेब दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

हिशेब तसा सरळ होता. देशात पिकलं ते धरायचं, बाहेरून आलं ते मिळवायचं, बाहेर गेलं ते वजा करायचं. मग बियाण्याला ठेवलेलं, जनावरांना घातलेलं, उंदरांनी आणि ओलीने खाल्लेलंही वजा. उरेल ते माणसांना वाटायचं. तिने आपल्या देशाचा आकडा काढला, त्याने त्याच्या. दोन्ही फळ्यावर लिहिले. त्याच्या देशाचा आकडा हिच्यापेक्षा दुपटीहून मोठा.

“हे असंच बाहेर गेलं ना,” साहेब म्हणाले, “तर पेपरवाले लिहितील, शेजारी पोटभर जेवतात आणि आपण अर्धपोटी. वरच्यांसमोर उभं मला राहायचंय. नीट बघा. शेजारी परत जायच्या आत बघा.”

परत जायच्या आत. ते शब्द तिला टोचले, आणि ते आकड्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मग रोज दोघं खिडकीपाशी समोरासमोर बसू लागले. मध्ये कागद, कागदांवर पेन्सिली, आणि पेन्सिलींपलीकडे तो.

“तुमच्याकडे लोक दुसरं काही खातात की नाही?”

“खातात ना. तुमच्याकडे मोजताना हात आखडता घेतात, त्याला आम्ही काय करणार?”

“मी पुन्हा पुन्हा मोजलंय.”

“ऐकलंय मी. पुन्हाबाई ना?”

तिचे कान लाल झाले. “कोणी सांगितलं?”

“सगळ्यांनी. मला आवडलं नाव.” तो कागदाकडे बघत म्हणाला. “माणूस एकदा बघून निघून जातो. पुन्हा बघणारं कोणी असलं की… बरं वाटत असेल त्या आकड्याला.”

तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच होतं.

मग एके दिवशी त्याला कळलं. पिल्लूचा बाबा परगावी कामाला होता, तिथल्या खोलीवर एकटा. ताप अंगावर काढला. शेजारपाजाऱ्यांना वाटलं गावाला गेला असेल, ऑफिसात वाटलं रजेवर असेल. कोणी दार वाजवलं नाही, आणि वाजवलं तेव्हा उशीर झाला होता. पिल्लू तेव्हा पोटात होती. हे सगळं तिने एका दमात, खिडकीबाहेर बघत सांगितलं, आणि लगेच म्हणाली, “ती आयातीची बेरीज पुन्हा एकदा बघू या का?”

“बघू या,” तो म्हणाला. आणि खरोखर बघितली. उगाच हळहळला नाही, डोळे ओले केले नाहीत. नुसता तिच्याबरोबर रांगेने आकडे वाचत गेला, हलक्या आवाजात, झोके घेत. घरी गेल्यावर तिला वाटलं, इतक्या दिवसांत आपल्याशी असं कोणी बोललंच नव्हतं.

शनिवारी दुपारी ऑफिस सुटताना तिने पिशवी पुढे केली. त्याच दुकानातला घेवडा, लालसर, ठिपक्यांचा.

“हे कशाला?”

“ज्याचा हिशेब करताय तो एकदा खाऊन तरी बघा. इथला.”

बोटं लागली. जराशीच.

“कसा करायचा?”

आत्याचं बोलणं तिच्या मनात येऊन गेलं असेलही… पण तो असा बघत होता की तिला दोन शब्दांपलीकडे काही सुचेना.

“शिजवून खा.”

“एवढंच?”

“एवढंच. चवीपुरतं मीठ.”

“उद्या सकाळी फोन करून सांगतो,” तो म्हणाला. “उठल्या उठल्या.”

रविवार उजाडला. तिने फोन ओट्यावर ठेवला, मग टेबलावर, मग खिशात. चहा झाला. पिल्लूची अंघोळ झाली. फोन गप्प.

“झोपला असेल,” आत्या म्हणाली. “रविवार आहे.”

“उठल्या उठल्या म्हणाला होता.”

“मग उठला नसेल.”

आत्या सहज बोलून गेली, पण हिने ते ऐकलं आणि खिशातून फोन काढला. तिने फोन लावला. बंद. थोड्या वेळाने पुन्हा लावला. बंद. तिने स्वतःला समजावलं — माणूस आहे, विसरला असेल. कुठे फिरायला गेला असेल. आपल्याला काय म्हणून एवढं… आपण त्याच्या कोण? ऑफिसातली पुन्हाबाई. रविवारी सकाळी परक्या पुरुषाचं दार ठोठावायला जाणार, आणि तो दार उघडून विचारणार, काय झालं? मग सांगणार काय, की तुमचा फोन आला नाही म्हणून आले? उद्या सगळं ऑफिस हसेल.

“हसू दे,” आत्या एकदम म्हणाली. आपण हे मोठ्याने बोललो होतो की काय, तिचं तिलाच कळलं नाही. “मी पिल्लूला बघते. तू जा.”

“आत्या, पण काही नसेल तर?”

“काही नसेल तर परत येशील. पाय झिजत नाहीत.”

रस्ता ओला होता. छत्री उघडायचं तिला सुचलंच नाही. ती चालत होती की पळत होती… मध्येच थांबून फोन लावायची, बंद, पुन्हा चालू पडायची. वळणावरच्या केशकर्तनालयाबाहेर दोघं गप्पा मारत हसत होते, आणि तिला त्यांचा राग आला. जगात सगळ्यांचं सगळं नीट कसं चाललंय?

त्याच्या घरमालकीणकाकू दारातच उभ्या राहिल्या. “कालपासून खाली उतरला नाही खरा. पण तरुण माणूस, सुट्टीचा दिवस…”

“काकू, किल्ली आहे ना तुमच्याकडे?”

“आहे. पण पुरुषमाणसाची खोली, अशी कशी उघडू? तू कोण त्याची?”

तोवर ती जिन्याची पहिली पायरी चढलीही होती. मग म्हणाली, “दार वाजवणारी. आधी वाजवते. नाही उघडलं तर तुम्ही उघडा.”

तिने वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग हाताची मूठ झाली. आतून काही नाही. काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी कनवटीची किल्ली काढली.

तो न्हाणीच्या उंबऱ्याला टेकून जमिनीवर बसला होता, मान एका बाजूला. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. क्षणभर — तो क्षण तिला आजही नको वाटतो — ती नुसती त्याच्या छातीकडे बघत राहिली. मग त्याची छाती हलली. ती गुडघ्यांवर आपटलीच, आणि पिल्लूच्या नाकाशी धरते तसं तिने बोट धरलं. श्वास होता. गरम, हळू.

“काय करताय…” तो पुटपुटला.

“गप्प बसा.”

“फोन करणार होतो… चार्जिंग संपलं. उठवेना.”

“गप्प बसा म्हटलं ना,” ती म्हणाली, आणि रडायलाच लागली, त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून.

काकू धावत जाऊन गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. तोवर तिने पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ ढवळून चमच्या-चमच्याने त्याच्या ओठांशी लावलं. त्याने घेतलं. पोटात राहिलं.

“उलट्या कधीपासून?” डॉक्टरीणबाईंनी नाडी धरत विचारलं.

“काल संध्याकाळपासून. जेवणानंतर.”

“काय जेवलात?”

त्याने शेगडीकडे नुसतं बघितलं. पातेलं तिथेच होतं. तिने झाकण काढलं, तळाशी उरलेला एक दाणा उचलून दातांखाली धरला, आणि थुंकून टाकला. दाणा आत खडखडीत कच्चा.

“हा घेवडा असा खाल्लात?” तिचा आवाज चिरकला. “मी शिजवून खा म्हटलं होतं.”

“शिजवला की. वाफ आली तशी उतरवला.”

“वाफ आली तशी?”

“आमच्याकडे शिजवणं म्हणजे तेच. डबा उघडायचा, वाफ येईपर्यंत शिजवायचा.”

“त्याला गरम करणं म्हणतात.”

“तुमच्याकडे म्हणत असतील,” तो क्षीण आवाजात, पण झोका घेतच म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “कच्च्या घेवड्यात विषारी अंश असतो. नीट भिजवून, पाणी बदलून, चांगला खळखळ उकळावा लागतो. नशीब, जास्त नाही भोवलं. पाणी पाजत राहा. उद्यापर्यंत उठून बसेल. पण रात्रीपर्यंत कोणी दार उघडलं नसतं ना…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्याला अंथरुणावर निजवायला हात लावला, औषध लिहून दिलं आणि काकूंना घेऊन त्या गेल्या.

खोलीत दोघंच उरली. खिडकीच्या काचेवर थेंब एकमेकांत मिसळत खाली येत होते.

“कडक लागत होता तर टाकला का नाहीत?” तिने विचारलं.

“वाटलं, इथला असाच असेल.”

“सगळा संपवलात?”

त्याने उशीवर मान वळवली. “तू दिला होतास,” तो म्हणाला. “टाकवेना.”

पहिल्यांदाच तो ‘तू’ म्हणाला होता. तिने वाटीतलं पाणी पुन्हा ढवळलं. काही बोलायचं म्हणून तिने मघाचाच धागा पकडला.

“म्हणजे तुमच्याकडचा घेवडा… डब्यात शिजलेलाच येतो?”

“हो.”

“पाण्यासकट?”

“पाण्यासकट. का?”

“आणि तुमच्या हिशेबात कारखान्यांनी कळवलेलं वजन धरतात ते…”

तो उशीवरून अर्धा उठला. पांढऱ्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. “डब्यातलं. भिजून, फुगून, पाणी प्यालेल्या घेवड्याचं.”

“आणि आमचं कोरड्या दाण्याचं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतके दिवस जिच्यामागे ती दोघं लागली होती, साहेबांची झोप जिने उडवली होती, ती दुप्पट म्हणजे निव्वळ पाणी होतं. नदीपलीकडचे लोक जास्त खात नव्हते. त्यांचा घेवडा ओला मोजला जात होता, इतकंच.

त्याला हसू यायला लागलं आणि पोटात कळही. तो पोट धरून हसत म्हणाला, “हे कळायला मला आडवं व्हावं लागलं.”

“हसू नका.”

“तू रडत होतीस मघाशी.”

“घाबरले होते.”

“कशाला?”

तिने वाटी खाली ठेवली. बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. “मला घाबरायची सवय आहे,” ती म्हणाली. “पण आज… आज सवयीने नाही घाबरले. तुम्ही नसतात तर… तू नसतास तर, उद्या ऑफिसात त्या खिडकीपाशी मला बसता आलं नसतं. एवढंच कळतंय मला. पुढचं विचारू नकोस.”

त्याने विचारलं नाही. फक्त हात पुढे केला, तळवा वर करून. तिने त्यावर आपला ठेवला. तो हात गार होता, आणि ती तो गरम होईपर्यंत धरून बसली.

त्या आठवड्यात दोन्ही देशांचा हिशेब कोरड्या दाण्यावर आणून पुन्हा मांडला. आकडे जवळजवळ येऊन बसले, उगाच चिमूटभर फरक. साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला. फक्त तिने आपला कप तसाच बाजूला ठेवला. हिशेब जुळला म्हणजे शेजाऱ्याचं इथलं काम संपलं.

बसथांब्यावर पिल्लू त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढत होती. आत्याने डब्यात मऊ शिजलेला घेवडा दिला होता, आणि बजावलं होतं, “हा नुसता गरम कर. शिजवू नकोस.”

“मी तिकडे अर्ज दिलाय,” तो तिला हळूच म्हणाला. “पुढची तुलना मसुराची.”

“बरं.”

“मग हरभरा. मग मूग. मग चवळी.”

“किती वर्षं चालेल हे?”

“कडधान्यं संपेपर्यंत येत राहीन.”

“आणि संपली की?”

“मग मोजायला काही नसलं तरी राहीन. तुझी हरकत नसेल तर.”

बस सुरू झाली होती. कंडक्टर दार वाजवत होता. तिला वाटलं, अजून विचारायला हवं होतं — तिथे खोली एकट्याची आहे का, किल्ली दुसऱ्या कोणाकडे असते, आजारी पडलास तर कोण… पण या सगळ्या काळज्यांच्या आधी तिच्या तोंडून निघालं, “हरकत नाही.” मग तो पायरीवर चढल्यावर ती बसबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, “रोज सकाळी फोन करीन मी. नाही उचललास तर नदी ओलांडून येईन, आणि दार फोडीन.”

“मुद्दाम नाही उचलणार मग,” तो खिडकीतून म्हणाला.

“खबरदार.”

मसुराच्या वेळी तो आला, तो परत गेलाच नाही. आता एकाच ओट्यावर ती शिजवते आणि तो गरम करतो, आणि कशाला काय म्हणायचं यावरून रोज वाद घालतात. पण तो घरात असला तरी कधीकधी पहाटे तिला जाग येते, आणि ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघते. तो झोपेतच म्हणतो, “आहे गं.” मग तिला झोप लागते.

पण सगळ्यांच्या शेजारी असं बोट धरणारं कोणी नसतं. तुमच्याही ओळखीत कोणीतरी परगावी, खोलीवर एकटं राहत असेल. मित्र असेल, धाकटा भाऊ असेल, कॉलेजातली जुनी मैत्रीण असेल. कालपासून ज्याचा काही निरोप नाही, आणि ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणालात, असेल कुठेतरी कामात. हसतील म्हणून थांबू नका. ही गोष्ट बाजूला ठेवा आणि आत्ता त्यांना फोन लावा. नाही उचलला, तर जाऊन दार वाजवा.